वादळाला वेसण

दूध उतू जाऊ लागले म्हणजे ते आवरण्याचे दोन उपाय घरोघर ठाऊक असतात. एक, वरून पाण्याचा शिपका मारावयाचा; दुसरा, चुलीतले लाकूड मागे ओढावयाचे. समुद्रावर उठणाऱ्या चक्रीवादळांना आवर घालण्याचे जे प्रयत्न गेल्या पाऊणशे वर्षांत झाले, त्यांचा इतिहास हा एका अर्थी याच दोन उपायांचा इतिहास आहे. आरंभी शास्त्रज्ञांनी वादळाच्या माथ्यावर शिपका मारून पाहिला. त्याचा गुण येत नाही असे दिसून आल्यावर त्यांची दृष्टी खालच्या जाळाकडे, म्हणजे समुद्राच्या तापलेल्या पाण्याकडे वळली. हे प्रयत्न मुख्यतः अमेरिकेत झाले. तथापि ज्या ज्या किनाऱ्यावर वादळे येतात, त्या प्रत्येक किनाऱ्याला या इतिहासातून घेण्यासारखे काही आहे.

प्रथम वादळाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. ‘सायक्लोन’ हे नाव जन्माला आले ते आपल्याच देशात. कलकत्त्याच्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरात वादळांत सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा धुंडाळून वारा वर्तुळाकार कसा फिरतो याचा अभ्यास केला, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात सर्पाचे वेटोळे सुचविणारा हा ग्रीक वळणाचा शब्द योजिला. परंतु हे वेटोळे फिरते कशाच्या बळावर, याचा उलगडा होण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९४८ साली फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांनी दाखवून दिले की, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर असते अशाच ठिकाणी ही वादळे उद्भवतात. ऊन पाण्याची वाफ होते. ती वर चढते. उंचावर थंडावून तिचे पुन्हा पाणी होते, आणि वाफ होताना समुद्रातून उचललेली उष्णता तेथे मोकळी होते. त्या उष्णतेने हवा अधिकच वर ओढली जाते, खालचा दाब उतरतो आणि चोहोबाजूंनी वारा आत धाव घेतो. वारा जितका जोराचा, तितके पाणी अधिक वेगाने वाफाळते. असा हा स्वतःच स्वतःला चेतविणारा व्यवहार आहे. पूर्ण वाढलेल्या वादळात या रीतीने मोकळी होणारी उष्णता जगातील साऱ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित शक्तीच्या कित्येक पट भरते.

एवढ्या प्रचंड शक्तीशी सरळ झुंज घेता येणार नाही, हे शास्त्रज्ञांना पहिल्यापासूनच कळत होते. म्हणून त्यांनी शोध चालविला तो एखाद्या मर्मस्थानाचा. जेथे बोटाने टिचकी मारली असता सारा डोलारा हलेल, असे स्थान त्यांना हवे होते. १९४६ साली ते सापडल्यासारखे वाटले. स्कनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांना असे आढळले की, शून्याखाली उतरूनही न गोठलेल्या जलकणांच्या ढगात कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, एवढासा तुकडा पडला की क्षणार्धात लक्षावधी हिमकण तयार होतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी विमानातून खऱ्याखुऱ्या ढगावर हा प्रयोग केला, आणि त्या ढगातून हिमवर्षाव होताना पाहणाऱ्यांनी पाहिला. शेफर यांचे वरिष्ठ आयर्व्हिंग लँगम्यूर हे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविलेले विद्वान. चिमूटभर द्रव्याने ढगाचे रूप पालटते, तर वादळाचे का पालटू नये, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. अमेरिकन सेनादलांच्या साहाय्याने १९४७ साली ‘प्रोजेक्ट सिरस’ नावाची योजना सुरू झाली.

१३ ऑक्टोबर १९४७ रोजी फ्लॉरिडा ओलांडून अटलांटिकमध्ये गेलेल्या एका वादळावर या योजनेतील विमानाने सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ किनाऱ्यापासून दूर चालले होते. त्यामुळे धोका नाही, अशी सर्वांची समजूत होती. परंतु त्यानंतर ते अकस्मात मागे वळले आणि जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. लोक खवळले. सरकारने वादळ आपल्या अंगावर घातले, असा बोभाटा झाला. खटले भरण्याच्या धमक्या आल्या. यात विशेष असे की, वादळ वळले ते आपल्याच प्रयोगामुळे, असे स्वतः लँगम्यूर सांगू लागले. पुढे जुन्या नोंदी तपासता असे निघाले की, १९०६ साली एक वादळ जवळजवळ याच वाटेने गेले होते, आणि १९४७ चे वादळही बर्फ पडण्यापूर्वीच वळू लागले होते. म्हणजे वैज्ञानिकाचा दावा आणि जनतेचा आरोप, दोन्ही एकाच चुकीच्या गृहीतावर उभे होते.

या एका प्रसंगात पुढील साऱ्या इतिहासाचे बीज आहे. वादळ हे स्वभावतःच चंचल. ते आपोआप वळते, आपोआप चढते, आपोआप ओसरते. मनुष्याने हस्तक्षेप केल्यानंतर जे घडले, ते हस्तक्षेपामुळे घडले की एरवीही घडलेच असते, हे ठरवावयाचे कसे? प्रयोगशाळेत एकच प्रयोग दहा वेळा करता येतो. तेच वादळ पुन्हा आणता येत नाही.

सव्हानाच्या अनुभवाने हा विषय काही वर्षे मागे पडला. पण १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकामागून एक वादळे येऊन गेली, तेव्हा सरकारने वादळ-संशोधनासाठी स्वतंत्र योजना उभारली. रॉबर्ट सिम्प्सन तिचे प्रमुख होते. त्यातूनच १९६२ साली ‘स्टॉर्मफ्यूरी’ हा प्रसिद्ध उपक्रम निघाला. त्यामागील कल्पना लँगम्यूर यांच्या कल्पनेहून अधिक विचारपूर्वक बांधलेली होती. वादळाच्या मध्यभागी जो शांत ‘डोळा’ असतो, त्याच्याभोवती ढगांची उत्तुंग भिंत असते आणि वाऱ्याचा सर्वांत मोठा जोर तेथेच असतो. त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सिल्व्हर आयोडाइडचे कण फेकून तेथील अतिशीत पाणी गोठविले, तर मोकळ्या होणाऱ्या उष्णतेने बाहेर दुसरी भिंत उभी राहील. आतली भिंत विरेल. वेटोळे रुंदावेल आणि गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात पसरताच तिचा वेग उतरतो, तसा वाऱ्याचा वेग उतरेल.

सव्हानाची आठवण ताजी असल्यामुळे नियम कडक करण्यात आले. चोवीस तासांच्या आत लोकवस्तीजवळ येण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी असेल, अशाच वादळावर प्रयोग करावयाचा, असे ठरले. अशी सोयीची वादळे फार थोडी निघाली. एवढी काळजी घेऊनही किटाळ टळले नाही. १९६५ साली ‘बेट्सी’ वादळावर प्रयोग व्हावयाचा होता. वादळ जमिनीकडे वळताच तो रद्द झाला. परंतु वर्तमानपत्रांना ते कळले नाही, आणि प्रयोग सुरू झाल्याच्या बातम्या छापून आल्या. बेट्सीने फ्लॉरिडा आणि लुइझियाना यांना तडाखा दिला, तेव्हा न केलेल्या कृत्याचा ठपका झटकून टाकावयास शास्त्रज्ञांना दोन महिने लागले.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये मात्र आशा फळाला आल्यासारखी वाटली. १८ तारखेला ‘डेबी’ वादळावर विमानांनी पाच वेळा फवारणी केली, आणि वाऱ्याचा वेग ३१ टक्क्यांनी उतरला. मध्ये एक दिवस सोडला, तर वादळ पुन्हा सावरले. २० तारखेला पुन्हा पाच फवारण्या झाल्या, आणि वेग १८ टक्क्यांनी घटला. याहून स्पष्ट पुरावा तो काय हवा, असे अनेकांना वाटले. या आशेला किती मोल होते, हे समजण्यासाठी त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांनी काय घडले ते आठवावे. १९७० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील भोला बेटाच्या परिसरावर जे चक्रीवादळ आले, त्यात तीन ते पाच लाख माणसे बुडाली. असल्या संहाराचा शतांश जरी टळणार असला, तरी त्यासाठी वाटेल तो खटाटोप करणे योग्यच ठरले असते.

परंतु अमेरिकेबाहेर या प्रयोगांकडे संशयाने पाहिले जात होते. अमेरिका वादळांचे शस्त्र बनवीत आहे, असा आरोप क्यूबाने केला. अवर्षणाचा दोष या प्रयोगांवर ठेवणारे मेक्सिकोतही निघाले. पुढे उपक्रम पॅसिफिक महासागरात नेण्याची गोष्ट निघताच चीनने हरकत घेतली, आणि जपाननेही विरोध दर्शविला. कारण त्या देशाच्या पावसाचा मोठा वाटा टायफूनच आणतात. वादळ म्हणजे केवळ संकट नव्हे, ते कोणाच्या तरी शेताचे पाणीही असते, ही गोष्ट त्यामुळे पुढे आली. हवामानात फेरफार करून त्याचा युद्धासाठी उपयोग करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७७ साली स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला.

अखेरीस ‘स्टॉर्मफ्यूरी’ बंद पडला तो निसर्गाच्या साक्षीने. १९७१ साली ‘जिंजर’ वादळावर जी फवारणी झाली ती शेवटची. त्यानंतर संशोधक वादळांत शिरून नुसती मोजमापे करीत राहिले, आणि त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक, वादळी ढगांत अतिशीत पाणी फारच थोडे असते आणि नैसर्गिक हिमकण विपुल असतात. तेव्हा फवारणीला गोठवावयास काही उरतच नाही. दुसरी, बाहेर नवी भिंत उभी राहणे, आतली विरणे आणि वारा काही काळ मंदावणे हा क्रम बलवान वादळांत आपोआपच घडून येतो. डेबीमध्ये दिसलेला फरक फवारणीचाच, असे म्हणण्यास त्यामुळे आधार राहिला नाही. १९८३ साली उपक्रम रीतसर गुंडाळण्यात आला. दुधावर मारलेला शिपका वाया गेला होता.

दुसऱ्या उपायाचा, म्हणजे चुलीतले लाकूड ओढण्याचा, धडा वादळांनीच शिकविला होता. १९६४ साली मेक्सिकोच्या आखातातून ‘हिल्डा’ वादळ गेल्यानंतर समुद्रशास्त्रज्ञ डेल लाइपर यांनी त्याच्या वाटेवरील पाण्याचे तापमान मोजले. पृष्ठभाग ५ अंशांहून अधिक थंडावलेला आढळला. वाऱ्याने समुद्र घुसळला जातो, खालचे थंड पाणी वर येते, आणि वादळ जणू आपल्याच पायांखालचा जाळ विझवीत पुढे जाते. मंद गतीने सरकणारे वादळ यामुळेच पुष्कळदा क्षीण होते. जे काम वादळ मागाहून करते, ते मनुष्याने आधीच करून ठेवले तर? खाली थंड पाण्याचा अखूट साठा आहे. तो वर आणण्याचाच काय तो प्रश्न, असे यंत्रज्ञांना वाटू लागले.

२००५ च्या ऑगस्टमध्ये ‘कॅटरीना’ वादळ आखातातील खोलवर तापलेल्या पाण्यावरून जाताना अत्युच्च श्रेणीला पोहोचले, आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर या विचाराला जोर चढला. समुद्राच्या लाटांपासून शक्ती मिळविण्याच्या संशोधनाबद्दल प्रसिद्ध असलेले एडिंबरा विद्यापीठाचे स्टीफन सॉल्टर यांनी एक साधे साधन सुचविले. पाण्यावर तरंगणारे एक मोठे कडे, आणि त्याखाली खोलवर लोंबणारी नळी. लाटा कड्यावरून आत पडतात, आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा थोडी उंच राहते, आणि त्या भाराने वरचे ऊन पाणी नळीवाटे खाली ढकलले जाते. इंधन नाही, यंत्र नाही. सारे श्रम लाटांचे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या धर्तीच्या पेटंट-अर्जांवर सॉल्टर यांच्याबरोबर बिल गेट्स यांचेही नाव होते. नॉर्वेमध्ये ओशनथर्म या संस्थेने निराळा मार्ग पुढे आणला. भोके पाडलेल्या लांबलचक नळ्या समुद्रात खोल सोडून त्यांतून दाबाखाली हवा सोडावयाची. वर चढणारे बुडबुडे थंड पाणी बरोबर घेऊन येतात. नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्या हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून बुडबुड्यांचा हाच उपाय उलट हेतूने, म्हणजे खालचे किंचित उबदार पाणी वर आणण्यासाठी, योजिला जातो.

याहून वेगळी युक्ती म्हणजे जाळ न विझविता त्यावर झाकण ठेवणे. पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा तेलकट थर पसरला तर बाष्पीभवन मंदावते, हे तळ्यांच्या बाबतीत ठाऊक होते. परंतु खवळलेल्या पाण्यावर हा थर टिकत नाही. तो फाटून विखुरतो. वादळाला जेथे रोखावयाचे तेथेच झाकण उडून जाते.

उरला तो पाणी थंड करण्याचा मार्ग. त्याचे तत्त्व खरेच होते. प्रश्न होता मापाचा. हे माप मायामी विद्यापीठाचे जेम्स हलीवियाक आणि डेव्हिड नोलन यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकाच्या साहाय्याने काढले. २,६०,००० चौरस किलोमीटर समुद्र, म्हणजे सुमारे २१,००० घनकिलोमीटर पाणी, २ अंशांपर्यंत थंड केले असे त्यांनी कल्पिले. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या पंच्याऐंशी टक्के जागेवर ऐंशी मीटर खोल पाणी भरले आहे, असे डोळ्यांपुढे आणावे; किंवा कोयनेचा शिवसागर जलाशय सात हजार वेळा भरावा. एवढे सारे पाणी थंड केल्यावर त्यांच्या गणितातील वादळाचा जोर उतरला तो अवघा १५ टक्क्यांनी.

आणि हा प्रचंड खटाटोप करावयाचा कोठे? वादळाची वाट काही दिवस आधी ठरविता आली, तरी त्या अंदाजात शेकडो किलोमीटरांचे अंतर पडू शकते. पंपांचे जाळे एकीकडे आणि वादळ दुसरीकडे, असे सहज होईल. शिवाय समुद्र हे एकजिनसी भांडे नव्हे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी अशा नद्यांचे गोडे पाणी पावसाळ्यानंतर खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. हलके पाणी वर आणि जड पाणी खाली, त्यामुळे दोहोंची मिसळण सहजी होत नाही. वादळाचा वारादेखील तेथे खालचे थंड पाणी वर आणावयास अपुरा पडतो, आणि म्हणून त्या समुद्रावरील वादळाचा जोर टिकून राहतो. पावसाळा सरल्यावर तेथे कधी कधी पृष्ठभागाखालचा थर वरच्या थराहूनही अधिक उबदार असतो. अशा जागी आंधळेपणाने पाणी उपसले तर विझावयाचा जाळ भडकावयाचा. खोल पाण्याबरोबर वर येणाऱ्या क्षारांनी मासे व इतर जलचर यांच्या जीवनात काय उलथापालथ होईल, हा निराळाच प्रश्न.

याहून अवघड प्रश्न जबाबदारीचा आहे. डेबीच्या प्रयोगानंतर, १९७२ साली, स्टॅनफर्ड येथील तीन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची छाननी केली होती. त्यांचे म्हणणे असे की, नुसत्या संभाव्य हानीचा हिशेब केला तर फवारणी लाभाचीच दिसते. परंतु फवारलेले वादळ पुढे आपल्याच स्वभावाने बळावले, तर लोक त्याला दैवी कोप म्हणणार नाहीत, सरकारची करणी म्हणतील. निसर्गाने मोडलेले घर आणि सरकारने मोडलेले घर यांत घरमालकाच्या दृष्टीने फार मोठा भेद असतो. वादळाची वाट किंवा ताकद बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आले, त्याला एका गावाच्या रक्षणाबरोबरच दुसऱ्या गावाच्या नुकसानीचाही जाब द्यावा लागेल. पंप आणि बुडबुडे यांनाही हा न्याय तितकाच लागू आहे.

तर मग हे सारे श्रम व्यर्थच गेले काय? तसे म्हणता येणार नाही. ‘स्टॉर्मफ्यूरी’साठी घेतलेली विमाने पुढे कित्येक दशके वादळांच्या गाभ्यात शिरून मोजमापे आणीत राहिली. वादळ जिंकण्यासाठी गोळा केलेल्या ज्ञानाने वादळ ओळखण्याची विद्या वाढली, आणि माणसे वाचली ती या दुसऱ्या विद्येने. आपल्याकडचा अनुभव याला साक्ष आहे. १८६४ साली कलकत्त्याला उद्ध्वस्त करणाऱ्या वादळाचा आणि त्यानंतरच्या दुष्काळांचा धडा घेऊन १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. तरीही १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशावर आलेल्या महावादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ हे तसेच भयंकर वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्याला लागले. त्यापूर्वी सुमारे दहा लाख माणसे सुरक्षित स्थळी हलविली गेली होती, आणि बळींची संख्या काही दशकांच्या पलीकडे गेली नाही. चौदा वर्षांत वादळ सौम्य झाले नव्हते. बदलले होते ते वेळेवर मिळालेली सूचना, किनाऱ्यावर बांधलेली पक्की आश्रयस्थाने, आणि सूचना मिळताच घर सोडण्याची लोकांची तयारी.

या इतिहासाची एक बाजू मात्र मनाला टोचणारी आहे. पंपांनी, बुडबुड्यांनी महासागराचे तापमान उतरविणे माणसाला साधले नाही. पण ते चढविणे त्याला न कळत साधले आहे. कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी अधिक उष्णता साठली, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रांनी पोटात घेतली. बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत गणला जाणारा अरबी समुद्रही तापत चालला आहे. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाने कोकण व गोव्याच्या किनाऱ्याजवळून जाऊन गुजरात गाठले. चुलीतले लाकूड मागे ओढण्याच्या युक्त्या शोधीत असताना, त्याच चुलीत दुसऱ्या हाताने लाकडे सारणे चालूच होते.

हे सारणे थांबविणे हाच समुद्र तापू न देण्याचा ठाम उपाय होय. पण तो पिढ्यानुपिढ्यांचा आहे, आणि त्याचे फळ या किंवा पुढल्या हंगामात दिसणार नाही. तोवर हंगाम येतच राहणार. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बंदरावर धोक्याचा बावटा चढेल, तेव्हा होड्या वेळीच ओढून घेणारा कोळी, आश्रयस्थानाची किल्ली जवळ बाळगणारा गावकरी आणि रात्र जागून संदेश पुढे पोहोचविणारा वेधशाळेचा कर्मचारी हीच किनाऱ्याची खरी तटबंदी राहील.